अर्ध्या तासाचं माणूस

जून महिन्यातला पहिला रविवार, सकाळची वेळ. ॲडव्हान्सची रक्कम शून्य. हजर तिघं: घरमालकीण अक्का, माझे बाबा आणि मी.

बेंगळुरात भाड्याने राहिलेल्या कुणालाही हे शून्य खरं वाटणार नाही. इथे दहा महिन्यांचं भाडं आधी ठेवून घेतात आणि घर सोडताना त्यातला एक महिना रंगकामाचा म्हणून कापतात. सव्वीस वर्षांपूर्वीही हीच रीत होती. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे एका गल्लीत अक्कांचं बैठं घर होतं आणि गच्चीवर एक खोली. खोलीचं भाडं अठराशे, म्हणून बाबा निपाणीहून अठरा हजार रुपये घेऊन आले होते. ते शाळेत कारकून. रात्रभर बसमध्ये त्यांनी छातीवरच्या खिशावरून हात काढला नव्हता.

अक्कांनी त्या पैशांकडे पाहिलंही नाही. त्या ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून बेंगळुरातलं, त्यामुळे त्यांचं मराठी निम्मं कन्नडमध्ये बुडालेलं. पण प्रश्न अगदी स्वच्छ होता. त्यांनी मला विचारलं, "तू मेलीस तर कोण येणार?"

मी बावीस वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस होता.

बाबांचा हात खिशावरच राहिला. "अहो, काय बोलताय हे? पोर आज आलीय."

"म्हणूनच आज विचारते की," अक्का म्हणाल्या. "अण्णा, तुम्हाला यायला एक रात्र लागते. तोवर हिला कोण बघायचं? मी? मला नाही जमत."

मग त्यांनी अट सांगितली. ॲडव्हान्स नको, माणूस हवं. बेंगळुरातलं, बोलावलं की अर्ध्या तासात येणारं. नात्यातलं चालणार नाही आणि ऑफिसमधलं चालणार नाही. मुदत तीन महिने. तेवढ्यात मिळालं नाही तर सामान उचलायचं. "हे पैसे परत घेऊन जा," त्या बाबांना म्हणाल्या. "पैशाला फोन केला तर येत नाहीत."

बाबा माझा हात धरून बाहेर आले. बाई वेडी आहे, असं ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी येईपर्यंत म्हणत राहिले. कॉफी संपेपर्यंत मात्र त्यांचा आवाज खाली आला. त्या आठवड्यात आम्ही निपाणीहून फोनवर ज्या खोल्यांची चौकशी केली होती त्या सगळ्या महाग होत्या, आणि मला सकाळी नऊला कँटोन्मेंटमध्ये पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात हजर व्हायचं होतं. "तीन महिने तर तीन महिने," ते म्हणाले. "तोवर दुसरी बघू." आम्ही परत गेलो. अक्कांनी मान वर न करता सांगितलं, किल्ली खिळ्याला आहे.

त्या संध्याकाळी बाबा परतीच्या बसला गेल्यावर अक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तांदळाच्या डब्यात हात घालून त्यांनी सोन्याच्या चार बांगड्या वर काढून दाखवल्या आणि परत तांदळात खुपसल्या. घराचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते सांगितलं. मग कपाटातली जांभळी साडी दाखवली. ही शेवटी नेसवायची, पांढरी कुणी आणली तर ऐकायचं नाही. मला त्या घरात येऊन एक दिवसही झाला नव्हता. माझ्या घरी आईच्या बांगड्या कुठे असतात ते मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"अक्का, मला कशाला सांगता हे?"

"तू वर राहतेस. बँकेचा मॅनेजर वर राहत नाही."

न्हाणीघर खाली अंगणात होतं, दोघींना मिळून एकच. तिथला नियम ऐकून मी पहिले दोन दिवस ऑफिसला हातपाय धुऊनच गेले. आतून कडी लावायची नाही. आत आहोत हे कळावं म्हणून मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं. आवाज थांबला की बाहेरच्याने सरळ आत यायचं. अक्का स्वतः बसचे स्टॉप म्हणत. त्यांचे यजमान कंडक्टर होते आणि शिवाजीनगर ते आनेकल ही त्यांची गाडी. अक्का त्याच ठसक्यात ओरडत, "रिचमंड सर्कल! आडुगोडी! कोरमंगला! कोरमंगलावाले पुढे या!" कोरमंगल्याला साबण, मडिवाळ्याला पाठ, आणि शेवटचा तांब्या आनेकलला. मला गाणी येत नव्हती, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. एकोणतीसच्या पाढ्यात अडखळले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सत्ते दोनशे तीन! पुढे चल!"

आमच्या अंगणाच्या कडेला कमरेइतकी भिंत होती, भिंतीला लागून आमच्या बाजूला शेवग्याचं झाड आणि भिंतीपलीकडे एक निवृत्त शिंपी राहायचे. आयुष्यभर शाळांचे युनिफॉर्म शिवलेले, बायको गेलेली, मुलगे शिकायला बाहेर. मी त्यांना अंकल म्हणायची. अक्का त्यांना 'तो पलीकडचा' म्हणत. त्यांचे गुडघे गेले होते. एका लग्नाचं जेवण पहिल्या मजल्यावर आहे म्हणून ते आहेर खालीच देऊन परत आले होते. रोज सकाळी ते आपलं अंगण झाडून, सडा टाकून, स्वतः रांगोळी काढत, आणि नेमका त्या ओल्या रांगोळीवर आमच्या शेवग्याचा पाला पडायचा. तेवढ्यात आनेकल गाठून अक्का केस पुसत बाहेर येत. मग सुरू.

ते तमिळमध्ये बोलत, अक्का मराठीत. दोघांनाही कन्नड उत्तम येत होतं, पण भांडताना कुणी आपली भाषा सोडत नसे, आणि कुणाचं उत्तर कधी चुकत नसे. "शेंगा तोडताना झाड दोघांचं," अक्का म्हणत, "आणि पाला पडला की माझ्या एकटीचं काय रे?" पलीकडून लांबलचक उत्तर यायचं, त्यात पावसाळ्यातले केसाळ सुरवंटही असायचे. हे रोज चालायचं. एकदा मला राहवलं नाही. मी गच्चीवरून सुचवलं की ती एक फांदी छाटली तर प्रश्न सुटेल. दोघं एकदम माझ्याकडे वळले आणि दोन भाषांत माझ्यावर तुटून पडले. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाच्या माणसाचा विचार मी जुलैमध्ये गंभीरपणे सुरू केला. ओळखीचं एकच नाव होतं. निपाणीच्या कॉलेजातली माझी मैत्रीण कोरमंगल्यात एका कंपनीत रिसेप्शनिस्ट होती आणि तिथेच एका पीजीत राहायची. मी तिला फोनवर विचारलं, ती हसून हो म्हणाली. मी अक्कांना तिच्या ऑफिसचा नंबर दिला आणि काम झालं असं समजले.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून परतले तर ओट्यावर माझी मैत्रीण बसलेली, हातात सफरचंदांची पिशवी, चेहरा रडवेला. मला धडधाकट बघून ती किंचाळायचीच बाकी राहिली. अक्कांनी दुपारी तिला फोन करून सांगितलं होतं की मी जिन्यावरून पडले आहे आणि शुद्धीवर नाही.

जिवंत माणसाबद्दल असं कुणी सांगतं?

अक्का शांत होत्या. "मी एकला फोन केला. ही सहाला आली. वाटेत उतरून फळं घेतली." मग तिच्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "पोरी, तुझी चूक नाही. तू पेशंटला भेटायला आलीस. चांगल्या घरची मुलगी तशीच येते."

मैत्रीण शिफ्ट सोडून येऊ शकली नव्हती, तिची नोकरीही नवीन होती. हे मी अक्कांना सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी कुठे तिला वाईट म्हटलं? ती तुझं माणूस नाही, एवढंच म्हटलं. अजून स्वल्प वेळ आहे. शोध." मैत्रीण सफरचंदं ठेवून गेली आणि मग तिचा फोन आला नाही. मी त्या महिन्यात चार खोल्या पाहिल्या. सगळीकडे दहा महिने. ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा माझ्याकडे खोलीही नव्हती आणि माणूसही नव्हतं. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की या एवढ्या मोठ्या शहरात मला खरोखर कुणीही नाही. खोली जाण्यापेक्षा याची मला जास्त भीती वाटली.

मग ती सकाळ. मी वर केस विंचरत होते. खाली नेहमीची गाडी निघाली होती. कोरमंगला गेलं, मडिवाळा गेलं. "बोम्मनहळ्ळी!" असं ऐकू आलं आणि त्यानंतर काही नाही. मी कंगवा हातात धरून थांबले. वाटलं, तोंडात पाणी गेलं असेल. मग जिना उतरायला लागले.

मी निम्म्या जिन्यात असताना अंकल भिंतीवरून आमच्या अंगणात उतरले होते. उतरले म्हणजे उडी मारून. लग्नाचा जिना न चढलेला माणूस. त्यांनी जाता जाता दोरीवरचा टॉवेल ओढला, मान दुसरीकडे वळवली आणि न्हाणीघराचं दार ढकललं. दारावर रांगोळीची पांढरी पाच बोटं उमटली. अक्का फरशीवर पडल्या होत्या, कपाळातून रक्त येत होतं. अंकलनी टॉवेल टाकला आणि मला कन्नडमध्ये म्हणाले, "साडी. रिक्षा मी आणतो." मी काय करायचं ते मला सुचत नव्हतं, त्यांना सगळं ठरलेलं असल्यासारखं ठाऊक होतं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कधी पडल्या? अंकल म्हणाले, "बोम्मनहळ्ळी आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मध्ये." डॉक्टरांनी विचारलं, बसमध्ये? मला समजावून सांगावं लागलं. मग काउंटरवरच्या माणसाने पेशंटशी नातं काय म्हणून विचारलं. अंकलनी जरा विचार केला आणि सांगितलं, "भांडण." त्या माणसाने शेजारी असं लिहून घेतलं.

बाकावर बसल्यावर त्यांनी मला अक्कांच्या यजमानांचं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी ड्युटी संपवून, युनिफॉर्म पिशवीत घालून ते आनेकलच्या स्टँडवर बाकावर टेकले आणि तिथेच गेले. संध्याकाळपर्यंत लोकांना वाटलं, प्रवासी झोपलाय. घरी अक्का जेवायला थांबल्या होत्या. "ते वर्ष संपायच्या आत तिने मला भिंतीवरून विचारलं," अंकल म्हणाले, "तू मेलास तर कोण येणार? मला राग आला. माझी बायको आत होती. दहा वर्षांनी बायको गेली तेव्हा मी तिला सांगितलं, तूच ये." ते आपल्या हातावरची रांगोळी चोळून काढत होते. "तिचं अर्ध्या तासाचं माणूस मी. माझं ती."

अडीच महिने मी रोज त्यांचं भांडण ऐकत होते. फांदी छाटा म्हणून सांगणारी मी.

दुसऱ्या दिवशी अक्का उशीला टेकून बसल्या, डोक्याला मोठं बँडेज. मी मोठ्या आनंदात सांगितलं की माझा प्रश्न सुटला, अंकल माझंही अर्ध्या तासाचं माणूस होतील, घर तर एकच आहे.

"बेडा, ते नको," अक्का म्हणाल्या. "तो माझा आहे. तू तुझं बघ."

अंकल खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हसताना हलत होते. मला रडू यायच्या बेतात होतं. अक्कांनी ते पाहिलं असावं. "या गावात आल्यापासून," त्यांनी विचारलं, "तू कुणाकडे धावत गेलीस का?"

मी आठवून बघितलं. अक्कांसाठी जिना उतरले होते, तोही निम्मा. त्याखेरीज कुणासाठी नाही. मी माणूस शोधत होते ते खोली शोधतात तसं, मला सोयीचं पडेल असं.

"मग कोण येणार तुझ्याकडे?" एवढंच म्हणून त्या झोपल्या.

त्या रविवारी मी कोरमंगल्याला गेले. कारण काही नव्हतं, मैत्रिणीला फोनही केला नव्हता. पीजीच्या बाईने मला जिन्यातच अडवलं. वर माझ्या मैत्रिणीची गादी गच्चीच्या दाराशी टाकलेली होती, शेजारी तिची बॅग भरून ठेवलेली. तिला कांजिण्या आल्या होत्या आणि बाकीच्या मुलींनी तिच्याबरोबर राहायला नकार दिला होता. तिने घरी कळवलं नव्हतं. तिच्या ऑफिसातून कुणी आलं नव्हतं. मीही आले नव्हते, ते मी मनात म्हटलं. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. मी तिची बॅग उचलली. रिक्षावाल्याने तिचं तोंड बघून दीडपट भाडं मागितलं, मी घासाघीस केली नाही.

अक्का त्याच दिवशी घरी आल्या होत्या. ओट्यावर डोकं बांधलेली एक बाई आणि समोर फोडांनी भरलेली एक मुलगी. अक्कांनी तिला नीट न्याहाळलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही मेली तर तू येशील?"

मैत्रीण म्हणाली, "अक्का, आत्ता तर मीच मरतेय. पण येईन."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या आणि तिच्यासाठी पेज टाकायला आत गेल्या. ऑगस्ट संपायचा होता. मुदतीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी तिथे तीन वर्षं राहिले, लग्न होईपर्यंत. माझी मुलगी झाली तेव्हा इस्पितळात नवऱ्याच्या आधी ही मैत्रीण पोचली होती, हातात फळं वगैरे काही नव्हतं.

आता आमचा फ्लॅट चंदापूरला आहे. गेल्या वर्षी थंडीत एका सकाळी अंकलचा फोन आला, ये म्हणाले. मी निघाले. इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मनहळ्ळी, मडिवाळा, सगळे स्टॉप उलटे येत गेले आणि प्रत्येक ठिकाणी गाड्या तुंबलेल्या. पोचायला दोन तास लागले. या शहरात आता कुणीही कुणाच्या अर्ध्या तासाच्या अंतरावर राहिलेलं नाही, हे मला त्या बसमध्ये कळलं.

अक्का खुर्चीत बसलेल्या होत्या, केस ओले. अंकल भिंतीला धरून उभे होते, ऐंशी ओलांडलेले. "आनेकलपर्यंत नीट गेली," ते म्हणाले. "सगळे स्टॉप घेतले. म्हणून मला कळलं नाही. मग पाला पडला आणि ती ओरडायला आली नाही. मी दहा मिनिटं वाट बघितली." थोड्या वेळाने परत म्हणाले, "दहा मिनिटं."

मी अक्कांना जांभळी साडी नेसवली. होसूरहून पुतण्या आला, त्याने पांढरी आणली होती; मी ऐकलं नाही. तांदळाच्या डब्यातून चार बांगड्या काढून त्याच्या हातात दिल्या.

बाराव्याला पुतण्या म्हणाला, खालचं घर बंद ठेवू, वरची खोली भाड्याने देऊ, आणि ते झाड तोडून टाकू, उगाच कचरा. मी अंकलना विचारलं, आता तुमचं माणूस कोण? मुलगे दोघेही कॅनडात. त्यांनी हात पसरून दाखवला, त्यात काही नव्हतं. इतकी वर्षं मी हिशेबाचं काम करते, आणि हे शून्य माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. तिची नोकरी एम. जी. रोडला लागली होती आणि ती खोली शोधत होती. मी तिला पुरतं सांगितलं नाही, फक्त म्हटलं की ओळखीची जागा आहे. पुतण्याने भाडं चौदा हजार सांगितलं, ॲडव्हान्स दहा महिन्यांचा. मी घासाघीस केली नाही, एकच अट घातली की झाड तोडायचं नाही. "झाडाचं काय घेऊन बसलात ताई," तो म्हणाला, पण त्याने मान्य केलं.

राहायला गेल्यावर दुसऱ्याच सकाळी मुलीचा फोन. "आई, कसली जागा बघितलीस ही? पलीकडे एक म्हातारा आहे. सकाळी सकाळी मला तमिळमध्ये झापत होता, पानं पडली म्हणून. मला एक अक्षर कळलं नाही."

"मग तू काय केलंस?"

"मीही सुनावलं मराठीत. झाड काय मी लावलंय? उद्या परत बोलू दे, बघतेच."

मी तिला म्हटलं, अंघोळीला जाताना आतून कडी लावू नकोस, मोठ्याने काहीतरी म्हणत जा.

ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

शेवटी दिलं ते असं: एक लाख चाळीस हजार, अक्कांच्या पुतण्याला, बँकेतून. आणि पाला, रोजचा, अंकलना.